मनिला-जकार्ताची टीम समजून घ्यायची तर आधी त्यांचं शेत बघा

नागपूरच्या मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये जे लोक काम करून राहिले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आता मनिला, सेबू, जकार्ता, सुराबाया इथल्या टीमसोबत रोज कॉल असतात, काही जण तिकडे पोस्टिंगवर आहेत, काही पोरं मर्चंट नेव्हीत फिलिपिनो क्रूसोबत जहाजावर आहेत. आणि दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाचं एक मत बनून जातं. ते हो म्हणतात पण करत नाहीत, त्यांना घाईच नसते, साहेबासमोर तोंड उघडत नाहीत, सण आला की ऑफिस रिकामं. मी स्वतः अशा मिक्स टीममध्ये बरीच वर्षं आहे आणि हे मत ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण अगदी हेच शब्द दोन-तीनशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबांनी त्या लोकांबद्दल लिहून ठेवलेत, आणि आपल्याबद्दलही लिहिलेत. कामाच्या सवयी रक्तातून येत नाहीत. कोणतं पीक घेतलं, पाणी कोणाच्या हातात होतं आणि कोणी जबरीनं राबवून घेतलं, यातून त्या पिढ्यान्पिढ्या घडतात. हे तपासायचं कसं ते माझ्या पद्धतीनं सांगतो, नवीन टीम मिळाली असेल किंवा मानवशास्त्राचा अभ्यास करत असाल तरी कामी येईल.

आधी नकाशा उघडा आणि माणूस नेमका कुठला ते बघा

ऑस्ट्रोनेशियन म्हणजे एक मोठं भाषाकुळ, साधारण १२०० भाषांचं. तैवानचे आदिवासी, जवळपास सगळं फिलिपिन्स, इंडोनेशियाचा बहुतेक भाग, मलय लोक, तिकडे आफ्रिकेजवळचं मादागास्कर, आणि पॅसिफिकमधले फिजी, सामोआ, टोंगा, हवाई, न्यूझीलंडचे माओरी, हे सगळे त्यात येतात. साधारण पाच हजार वर्षांपूर्वी तैवानमधून होड्यांनी निघालेले लोक दक्षिणेकडे पसरत गेले, आणि मादागास्करच्या भाषेची सगळ्यात जवळची बहीण बोर्निओच्या बारितो नदीच्या काठी बोलली जाते, मध्ये अख्खा हिंदी महासागर आहे.

इतक्या पसरलेल्या लोकांची "एक" कामाची पद्धत असूच शकत नाही, म्हणून पहिली पायरी हीच की "इंडोनेशियन" किंवा "फिलिपिनो" यावर थांबायचं नाही. जावाचा की बालीचा की मालुकूचा? लुझोनचा की नेग्रोस बेटावरचा? गोंदियाचा धानवाला आणि यवतमाळचा कापूसवाला यांच्या आयुष्यात जेवढा फरक, त्याहून जास्त फरक तिकडे दोन बेटांमध्ये असू शकतो. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला पापुआत तर बऱ्याच भाषा या कुळातल्याच नाहीत.

मग पीक बघा, कारण डेडलाइन पिकातून येते

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या लोकांना हे सांगायचीही गरज नाही. धानाचे पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी आलं की रोवणी त्याच थोड्या दिवसांत उरकावी लागते, आणि तेव्हा अख्ख्या गावाला एकाच वेळी हात पाहिजे असतात. कापणीलाही तेच. म्हणजे धानाच्या गावात वर्षातले काही आठवडे जीव तोडून काम आणि मधले बरेच दिवस सैल, आणि शेजाऱ्याशी वाकडं घेऊन चालतच नाही कारण उद्या त्याचे हात लागणार. आपल्याकडची इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून राबायची पद्धत, अशाच गरजेतली. जावा, बाली, लुझोनचे डोंगर, मादागास्करचं मधलं पठार, सगळीकडे धान आहे आणि सगळीकडे हातउसनी मजुरी आहे, मादागास्करमध्ये तिला वालिन-तानाना म्हणतात, आज तुझ्या बांधीत मी, उद्या माझ्या बांधीत तू. वेळ पण कामावरूनच मोजायचे, तिथे अर्धा तास सांगायचा असेल तर भात शिजायला लागतो तेवढा वेळ असं सांगायचे, आणि हे माप शेतातल्या माणसाला पुरतं.

आता पॅसिफिककडे या. तिथे मुख्य अन्न अळूचे कंद, रताळी, केळी, ब्रेडफ्रूट (नीरफणस), नारळ, आणि समुद्र. अळूचा कंद तयार झाला तरी जमिनीत काही काळ राहू शकतो, लागेल तसा काढायचा, अख्ख्या गावानं एका आठवड्यात कापलं नाही तर गेलं असं नसतं. वादळाची तयारी म्हणून ब्रेडफ्रूट खड्ड्यात आंबवून ठेवायचे. मासेमारी भरती-ओहोटीवर आणि चंद्रावर. अशा ठिकाणी रोज थोडं थोडं आणि वेळ निसर्गाची, ही लय अगदी शहाणपणाची आहे. आणि यात कष्ट कमी असं समजू नका, हवाईमध्ये अळूसाठी दगडी बांध घालून पाटाचं पाणी खेळवलेली खाचरं आहेत, ती बघितली की कळतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण मालुकू बेटांचं आहे. तिथे साबुदाण्यासारखं पीठ देणारं सागोचं झाड आहे, एका झाडातून शंभर-दोनशे किलो पीठ निघू शकतं. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५४ ते १८६२ या काळात त्या भागात फिरला, त्यानं हिशोब मांडला की दहा दिवसांच्या कष्टात एका माणसाचं वर्षभराचं खाणं निघतं, आणि पुढे लिहिलं की इतकं स्वस्त अन्न हा शापच आहे कारण त्यानं माणूस आळशी होतो. इथे थोडं थांबून विचार करा. ज्याचं पोट दहा दिवसांत भरतं तो दुसऱ्याच्या मळ्यावर मजुरीला का जाईल? जाणार नाहीच. आणि नेमकी हीच प्रत्येक वसाहतवाल्याची अडचण होती, की या लोकांना कामावर आणायचं कसं. डच, स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रज सगळ्यांनी याला तीनच उत्तरं काढली, कर लावा, ठरावीक दिवस फुकट राबवा, किंवा बाहेरून मजूर आणा. डचांनी तर त्याआधी १६२१ मध्ये बांदा बेटांवर जायफळासाठी तिथली जवळजवळ सगळी वस्ती मारून किंवा हाकलून टाकली आणि गुलाम आणून बागा चालवल्या, यान पीटरझून कून या गव्हर्नरच्या हाताखाली.

म्हणून सहकाऱ्याशी ओळख वाढली की पहिला प्रश्न हा विचारा, तुझ्या आजी-आजोबांच्या गावी काय पिकायचं आणि कापणीला कोण यायचं.

पाणी कोण सोडायचं ते विचारा

बालीमध्ये सुबक नावाची व्यवस्था आहे. एका पाटावर अवलंबून असलेले सगळे शेतकरी मिळून एक सुबक, त्यांच्या सभा होतात, कोणी केव्हा पाणी घ्यायचं आणि कोणत्या पट्ट्यानं केव्हा जमीन पडीक ठेवायची हे पाण्याच्या मंदिरांच्या वेळापत्रकानं ठरतं, तिथला २१० दिवसांचा एक पंचांगासारखा कालचक्र त्यात वापरतात. २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे ते. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या उत्साहात सरकारनं सांगितलं की मंदिराचं सोडा, नवीन वाण घ्या आणि जमेल तेवढ्या वेळा पीक काढा. मग काय झालं, पाण्याची भांडणं लागली आणि तुडतुडे-उंदीर यांचा सुळसुळाट झाला, कारण आधी सगळे एकाच वेळी जमीन पडीक ठेवायचे म्हणून किडीला खायलाच मिळायचं नाही. स्टीफन लान्सिंग या अभ्यासकानं नंतर कॉम्प्युटर मॉडेल करून दाखवलं की मंदिरांचं जुनं वेळापत्रक पाणी आणि कीड दोन्हीचा तोल चांगला सांभाळत होतं.

हे वाचताना मला आपले मामा तलाव आठवतात, म्हणजे मालगुजारी तलाव. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले, गावानं सांभाळलेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ती जायलाच पाहिजे होती, पण तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढायची, पाळ दुरुस्त करायची गावाची सवय हळूहळू मोडत गेली. लोक तेच होते, निर्णय कोणाच्या हातात ते बदललं. आता ऑफिसमध्ये हे कसं वापरायचं सांगतो. बालीचा किंवा जावाचा सहकारी मीटिंगमध्ये लगेच हो-नाही न म्हणता "टीमशी बोलून सांगतो" म्हणाला तर त्याला टाळाटाळ समजू नका, त्यांच्याकडे पाण्याचा निर्णय एकट्यानं घेतला की खालच्या शेतकऱ्याचं पीक जातं, अशा व्यवस्थेत लोक एकमेकांना विचारूनच पुढे जातात. त्याला एक दिवस द्या. मात्र तो दिवस ठरवून द्या, "उद्या तुमच्या तीन वाजेपर्यंत" असं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोणी आणि कसं राबवलं

यावर जास्त वेळ द्या, कारण आपल्याकडचे लोक हाच भाग सोडून देतात.

जावा. १८३० मध्ये योहानेस फान देन बॉश या डच गव्हर्नर जनरलनं सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. कागदावर असं होतं की गावानं पाचवा हिस्सा जमीन सरकारला पाहिजे त्या पिकाखाली द्यायची, ऊस, कॉफी, नीळ, आणि जमीन नसेल तर वर्षाचे ६६ दिवस काम करायचं. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कितीतरी ठिकाणी ओलांडले जायचे, कारण गावच्या मुखियापासून डच अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना निघालेल्या मालावर टक्केवारी मिळायची. म्हणजे वरून टार्गेट, मधल्यांना इन्सेंटिव्ह, आणि खालच्याला फक्त काम. ऊस धानाच्याच बांधीत लावायचा, जमीन वर्षभराहून जास्त अडकायची, आणि पुढे कारखान्यांच्या पट्ट्यात तर नियमच होता की दिवसा पाणी उसाला आणि रात्री धानाला, रात्रीच्या लाइटवर ओलीत करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १८४९-५० मध्ये देमाक आणि ग्रोबोगान या धानाच्या भागात माणसं उपाशी मेली. आणि १८५० च्या दशकात नेदरलँड्सच्या सरकारी उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा जावातून जात होता. १८७० नंतर ही पद्धत मोडत गेली पण खासगी मळे आले, सुमात्रात देलीच्या तंबाखूच्या मळ्यांवर १८८० च्या कुली कायद्यानं करार मोडून पळणाऱ्या मजुराला शिक्षा करता यायची, काम सोडणं हाच गुन्हा.

फिलिपिन्स. स्पॅनिश राजवट १५६५ ते १८९८. पोलो नावाची सक्तीची मजुरी, १६ ते ६० वयाच्या पुरुषांनी वर्षाचे ४० दिवस द्यायचे, रस्ते, चर्च, आणि मनिला ते अकापुल्को जाणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी जंगलात लाकूडतोड. पैसेवाला पैसे भरून सुटायचा, गावचे मानकरी तसेही सुटलेले, राहिला गरीब. १६४९ मध्ये सामार बेटावर लोकांना दूर काविते इथल्या गोदीत पाठवायचं ठरलं तेव्हा सुमुरोय नावाच्या तिथल्या माणसानं बंड केलं. ४० चे १५ दिवस व्हायला १८८४ साल उजाडलं. मध्ये १७८२ ते १८८२ तंबाखूची सरकारी मक्तेदारी होती, कागायान खोऱ्यात किती लावायचं ते सरकार सांगणार, सगळा माल सरकारलाच द्यायचा, आणि पैसे वर्षानुवर्षं थकायचे.

गावात कर गोळा करणारा जो मुखिया असायचा त्याच्या अंगावर जबाबदारी असायची, वसुली कमी पडली की त्याच्या खिशातून. जावातला मुखियाही असाच मध्ये सापडलेला. माझं मत असं आहे की वर "होईल साहेब" म्हणायचं आणि खाली जेवढं निभेल तेवढं करायचं, ही मधल्या माणसाची जगायची पद्धत तिथे तयार झाली, आणि ती आपल्याकडच्या सरकारी ऑफिसातही ओळखीची वाटते कारण इथेही १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि इंग्रजांनी मालगुजारांना मध्ये बसवलं. म्हणून टीम लीड तुम्हाला प्रत्येक वेळी हो म्हणत असेल तर "होईल ना?" असं विचारणंच बंद करा, त्याचं उत्तर हो शिवाय काही असू शकत नाही. "यात कुठे अडकेल असं वाटतं?" किंवा "दोनपैकी एकच झालं तर कोणतं आधी करायचं?" असं विचारा, आणि शक्यतो एकट्याला, त्याच्या माणसांसमोर नाही. फरक लगेच दिसतो.

नेग्रोस बेटाचं वेगळं लिहायलाच पाहिजे. १८५५ मध्ये इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला उघडलं आणि समोरच्या नेग्रोसवर उसाच्या मोठ्या हासिएंदा (जमीनदारांचे मळे) उभ्या राहिल्या. तोडणीला दुसऱ्या बेटावरून मजूर आणायचे, त्यांना साकादा म्हणतात, ठेकेदार आधी उचल देणार आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला, बीडच्या ऊसतोड कामगारांसारखीच गत. आणि तोडणी संपली की काही महिने कामच नाही, उधारीवर जगायचं, त्याला तिथे मेलेला काळ म्हणतात. १९८० च्या दशकात साखरेचे भाव कोसळले तेव्हा १९८५ च्या सुमारास तिथली लहान मुलं कुपोषणानं मेली. अशा घरातला मुलगा कॉल सेंटरला लागला आणि पगारातून ॲडव्हान्स मागून राहिला, गावी पैसे पाठवून राहिला, तर "याला पैशाचं नियोजन कळत नाही" असं म्हणण्याआधी त्याच्या आजोबांचं वर्ष कसं जायचं ते डोळ्यापुढे आणा.

मादागास्करमध्ये फ्रेंचांनी १८९६ ला कब्जा केल्यावर डोक्यामागे कर लावला, रोख पैशातच भरायचा, म्हणजे मजुरीला यावंच लागेल. १९२६ पासून सैन्यात भरतीच्या नावाखाली तरुणांना रस्ते आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. सक्तीची मजुरी कायद्यानं बंद झाली ती १९४६ ला, आणि पुढच्याच वर्षी तिथे मोठा उठाव झाला.

"आळशी" कोणी म्हटलं आणि केव्हा, हे तपासा

कोणत्याही समाजाबद्दल "आळशी" वाचलं की तारीख बघायची आणि लिहिणाऱ्याचा धंदा बघायचा. फिलिपिन्सचे लेखक आणि राष्ट्रनेते होसे रिझाल यांनी १८९० मध्ये ला सोलिदारिदाद या पाक्षिकात फिलिपिनो लोकांच्या आळसावर लेखमाला लिहिली. त्यांनी आळस नाहीच असा दावा केला नाही, त्यांनी म्हटलं की आळस हे कारण नाही, परिणाम आहे. स्पॅनिश यायच्या आधी हेच लोक चीन आणि आसपासच्या बेटांशी व्यापार करत होते, जहाजं बांधत होते, मग सक्तीची मजुरी, मोहिमांवर मेलेली माणसं, पिकवलं तर अधिकारी घेऊन जाणार ही खात्री, यात कोण कशाला जास्त पिकवेल. मला हा युक्तिवाद आजही सगळ्यात ताकदीचा वाटतो. १९७७ मध्ये मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी मलय, जावानीज आणि फिलिपिनो तिघांबद्दलचे असे वसाहतकाळातले लेख एकत्र तपासून दाखवलं की ज्यानं मळ्यावर यायला नकार दिला तोच आळशी ठरला. मलय शेतकरी स्वतःच्या धानात आणि मासेमारीत राबत होता, पण ते काम साहेबाच्या हिशोबात कामच नव्हतं. वर मलायात इंग्रजांचा १९१७ चा कायदा आला की धानाच्या जमिनीवर धानच घ्यायचं, तेव्हा रबराला भाव होता. आधी कायद्यानं धानात ठेवायचं आणि मग म्हणायचं की मलय माणूस पुढे जात नाही.

फिजी तर आपल्या फार जवळचा विषय. १८७४ ला इंग्रजांकडे गेलं, पहिले मोठे गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी ठरवलं की फिजियन लोकांना मळ्यावर नेऊन त्यांची गावं मोडायची नाहीत, जमीन विकू द्यायची नाही, कर पण गावानं मिळून पिकाच्या रूपात भरायचा. मग उसाला माणसं कुठून आणायची, तर भारतातून. १८७९ ते १९१६ या काळात साधारण ६०,५०० माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे नेली, बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरातून. आणि त्यातून "भारतीय कष्टाळू, फिजियन निवांत" असं तयार झालं, जे आजही आपले लोक फिरून आले की सांगतात. एकाला पाच वर्षांचा करार आणि सरदाराची, म्हणजे मुकादमाची, काठी होती, दुसऱ्याला त्याची जमीन आणि गाव होतं. गिरमिटिया लोकांचे हाल वाचले तर "कष्टाळू" ही शाबासकी घ्यायला मन होत नाही.

सगळे मिळून काम दिसलं तर ते कोणी बोलावलं ते बघा

इंडोनेशियात गोतोंग रोयोंग हे तुम्ही ऐकालच, मिळून काम करायचं. १ जून १९४५ च्या भाषणात, पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्नो यांनी म्हटलं होतं की राष्ट्राची पाचही तत्त्वं एका तत्त्वात आणायची तर ते हे. गावात एकमेकांची घरं बांधणं, रोवणी, लग्नाचा स्वयंपाक, हे खरंच आहे, फिलिपिन्समध्ये शेजारी बांबूवर उचलून अख्खं घर दुसरीकडे नेतात ते बायानिहान पण खरंच. पण नंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या काळात सरकारनं याच नावाखाली रस्ते-कालवे फुकटात करून घेतले. त्याआधी १९४२ ते ४५ जपान्यांनी रोमुशा म्हणून लाखो लोकांना मजुरीला ओढून नेलं, आणि त्यांनी गल्लीपातळीवर जे शेजार-गट केले त्यांचंच रूप आजच्या तिथल्या वॉर्ड-मोहल्ला रचनेत टिकून आहे. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन अनुभव आहेत, शेजाऱ्यानं हाक मारली म्हणून गेलो, आणि वरून ऑर्डर आली म्हणून गेलो.

हे मॅनेजर लोकांनी नीट समजून घ्या. शनिवारी सगळ्यांनी "टीम स्पिरिट"मध्ये थांबायचं असा मेल टाकला तर लोक येतील, हसतील, फोटो काढतील, आणि काम तेवढंच होईल. त्याऐवजी सुराबायाच्या टीमचं रिलीज अडकलं तेव्हा नागपूरचे दोन जण स्वतःहून रात्री थांबले, तर पुढच्या वेळी ते तुमच्यासाठी थांबतील, न सांगता. मी हे होताना बघितलं आहे. हातउसनं हातानंच फिटतं.

आजच्या कायद्यात आणि कॅलेंडरमध्ये काय उरलं

फिलिपिन्समध्ये १९०१ ला अमेरिकेहून थॉमस नावाच्या जहाजातून जवळपास पाचशे शिक्षक आले, इंग्रजीतून सरकारी शाळा चालल्या, आणि आज मनिला-सेबूची कॉल सेंटरं उभी आहेत त्याचं एक मोठं कारण ते. १९७४ च्या कामगार कायद्यानं परदेशी नोकरीला पाठवणं हे सरकारी धोरणच झालं, म्हणून तुमच्या सहकाऱ्याच्या घरात कोणीतरी दुबईत, हाँगकाँगमध्ये किंवा जहाजावर असण्याची शक्यता बरीच. १९७५ पासून तेरावा पगार कायद्यानं द्यावा लागतो, २४ डिसेंबरच्या आत. इंडोनेशियात सणाचा भत्ता, वर्षभर काम केलेल्याला एक महिन्याचा पगार, सणाच्या सात दिवस आधी. बहुतेकांसाठी तो सण म्हणजे ईद आणि तेव्हा शहरं रिकामी होऊन लोक गावी जातात, आपल्या दिवाळीसारखंच. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, तर प्रोजेक्ट प्लॅन करताना आधीच बघून ठेवा आणि त्या पंधरवड्यात गो-लाइव्ह ठेवू नका. मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, जकार्ता दीड तास पुढे, तेव्हा आपल्या संध्याकाळी सहाला ठेवलेला कॉल मनिलावाल्याचं जेवण खातो. वेळेबद्दल तक्रार करण्याआधी हे एकदा तपासा.

हा चष्मा कुठे काढायचा

प्रत्येक गोष्टीला इतिहास लावू नका. जकार्तातला माणूस उशिरा आला तर बहुतेक वेळा ट्रॅफिक असतो, १८३० नाही. लुझोनच्या डोंगरातल्या इफुगाओ लोकांना स्पॅनिश कधी नीट ताब्यात घेऊच शकले नाहीत, त्यांच्या धानाच्या पायऱ्या १९९५ ला युनेस्कोच्या यादीत आल्या, तर तिथल्या माणसाला मनिलाकडच्या सपाट मैदानी भागाचा इतिहास चिकटवणं चूकच. आणि सहकाऱ्याला कधीही "तुमच्यावर राज्य झालं म्हणून तुम्ही असे" असं ऐकवू नका. हा अभ्यास आपलं घाईचं मत थांबवायला आहे, त्याच्यावर लेबल लावायला नाही. एखादा खरंच काम टाळत असेल तर तो माणूस टाळून राहिला, त्याच्याशी सरळ बोला.

सुरुवात करायची तर या आठवड्यात टीममधल्या एकाच माणसापासून करा. त्याचं बेट शोधा, तिथलं मुख्य पीक शोधा, तिथे कोणाचं राज्य होतं आणि मजुरीचा कायदा कोणता होता ते अर्धा तास वाचा, मग कॉल संपल्यावर दोन मिनिटं गावाबद्दल विचारा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नको. आणि त्यानं सांगितलं की आपलंही सांगा, आजोबा सालदार होते का, रोवणीला जायचे का, की एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर निघायचे.